मागितलेली भाकरी आणि विकलेली भाकरी

सोलापूर म्हटले की चादर, शेंगाचटणी आणि ज्वारीची कडक भाकरी या तीन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. पैकी चादरीचा इतिहास लिहिला गेला. गिरणी कोणत्या शेटजीने काढली, कधी काढली, ती कधी बंद पडली, याच्या नोंदी आहेत. मुरारजी गोकुळदासांची 'जुनी गिरणी' १८७०च्या दशकात उभी राहिली हे शाळेतले पोरही सांगेल. परंतु उखळात शेंगाचटणी कुटणारी आणि पहाटे उठून भाकरी थापून ती रस्त्यावर विकणारी बाई कोण होती, कुठल्या वस्तीतून आली, तिच्या हातची भाकरी कोणी विकत घेतली आणि कोणी नाकारली, याची नोंद कोणत्याही दफ्तरात सापडत नाही. इतिहास लिहिणारे भाकरी खाऊन लिहायला बसले. भाकरी करणारीला मात्र ते विसरले.

हा प्रश्न काही खाण्याच्या चवीचा नाही. या देशात अन्न विकण्याचा हक्क जातीने ठरवला होता. त्यामुळे रस्त्यावर बसून शिजवलेले अन्न विकणाऱ्या बाईचा इतिहास हा जातिव्यवस्थेचा इतिहास आहे, आणि आमच्या माताभगिनींच्या बाबतीत तो जातिव्यवस्थेविरुद्धच्या लढ्याचाही इतिहास आहे. शेकडो वर्षे ज्यांना भाकरी मागायला लावली, त्यांच्यातली एक बाई एके दिवशी रस्त्याच्या कडेला चूल मांडते आणि त्याच भाकरीचे पैसे घेते, ही साधी गोष्ट नाही. तिची मिरवणूक निघाली नाही, तिच्यावर ठराव झाला नाही. पण ती क्रांतीच होती.

आधी कोणाला काय विकता येत होते ते पाहू. अस्पृश्य बाईला गावात आणि शहरात पुष्कळ काही विकता येत होते. रानातून डोक्यावर आणलेले सरपण, गवताचा भारा, शेण्या, केरसुणी, दोर. हे सारे स्पृश्याच्या घरात जात होते आणि कोणाचाही धर्म बुडत नव्हता. तिने कापलेल्या ज्वारीचे, तिने खुडलेल्या कणसाचे, तिने मळलेल्या दाण्याचेही कोणाला वावडे नव्हते. तोच दाणा दळून, त्यात पाणी घालून, तव्यावर टाकून तिने भाकरी केली की मात्र ती विटाळली! कोरडे चालते, ओले चालत नाही. कच्चे चालते, शिजवलेले चालत नाही. म्हणजे जिथवर तिचे श्रम फुकटात वा कवडीमोलाने घ्यायचे होते तिथवर विटाळ नव्हता, आणि जिथे श्रमाचे खरे मोल वाढणार, दाण्याची किंमत दुप्पट-तिप्पट होणार, तिथे नेमका विटाळ आडवा आला. विटाळाचे हे अर्थशास्त्र समजून घेतल्याशिवाय रस्त्यावरच्या अन्नविक्रीचा इतिहास समजणार नाही.

म्हणूनच शहरे वाढली, रेल्वे आली, गिरण्या आल्या, परगावचा कामगार आला, त्याला शिजवलेले अन्न विकत घ्यावे लागले, तेव्हा हा नवा धंदा ज्यांच्या हाताला विटाळ नव्हता त्यांच्याच वाट्याला गेला. 'ब्राह्मण उपाहारगृह', 'हिंदू हॉटेल', 'मराठा खानावळ' अशा पाट्या महाराष्ट्रातल्या शहरांनी पाहिल्या आहेत. पाटीवर पदार्थाच्या आधी जात लिहिलेली! 'महार खानावळ' अशी पाटी मुख्य बाजारपेठेत कोणी पाहिली आहे काय?

आणि आमच्या आयांच्या वाट्याला काय आले? भाकरी विकणे नव्हे, भाकरी मागणे आले. महारकी वतनात गावाची सारी वेठ करायची आणि त्या बदल्यात बलुते घ्यायचे. त्या बलुत्याचाच एक भाग म्हणजे दारोदार फिरून मागून आणलेली शिळी भाकरी. संध्याकाळी टोपली घेऊन निघायचे, उंबऱ्याबाहेर उभे राहून हाक द्यायची, आणि वरून, हात लागणार नाही अशा बेताने, टोपलीत भाकरी टाकली जायची. याला 'हक्क' म्हणायचे! दिवसभर राबून मिळालेल्या मजुरीला भिकेचे रूप द्यायचे आणि त्या भिकेला हक्काचे नाव द्यायचे, ही या व्यवस्थेची हातचलाखी होती.

ही हातचलाखी बाबासाहेबांनी ओळखली. १९ मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा आणि शिळेपाके तुकडे मागणे सोडा असे बजावले. दुसऱ्या दिवशी चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले. तळ्याचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी अन्नाचे काय झाले हे विसरता कामा नये. सत्याग्रहानंतर चिडलेल्या जमावाने जेवणाच्या ठिकाणी घुसून परिषदेला आलेल्या लोकांना मारले आणि त्यांचे अन्न मातीत मिसळले. लोकांनी पाणी प्यायले म्हणून त्यांची भाकरी तुडवली गेली. पाणी आणि भाकरी, दोन्हींवर पहारा एकाच हाताचा होता. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. मागितलेल्या भाकरीचे मूळ वतनात आहे आणि ते मूळच उपटले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. ते वतन कायद्याने संपायला १९५८चा कायदा यावा लागला.

शिजवलेले अन्न विकण्याच्या हक्कासाठी झालेली एक लढाई मात्र आपल्या इतिहासात नोंदलेली आहे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांनी पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मार खाल्ला. महाराजांनी त्यांना स्वतंत्र धंदा करायला सांगितले आणि भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक हॉटेल' उभे राहिले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा पिऊ लागले आणि सोबतच्या बड्या बड्या मंडळींनाही त्यांनी तो प्यायला लावला. एक कप चहा विकण्यासाठी एका छत्रपतीला रस्त्यावर उतरावे लागले, एवढी ती भिंत जाड होती! मग ज्या बाईच्या पाठीशी राजा नव्हता, दुकान नव्हते, शिक्षण नव्हते, तिने टोपलीत भाकरी घेऊन रस्त्यावर बसण्याला किती धैर्य लागले असेल याचा हिशेब कोणी करायचा?

आता सोलापूरकडे वळू. ज्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने सोलापूर ओळखले जाते ते बाराव्या शतकातील शरण परंपरेतले. बसवण्णांच्या त्या परंपरेने श्रमाला 'कायक' म्हटले आणि कमाई सर्वांसोबत वाटून खाण्याला 'दासोह' म्हटले. सांडलेले तांदळाचे दाणे वेचून जगणारी आयदक्की लक्कम्मा या परंपरेत वचनकार म्हणून मानाने बसली. गरजेपेक्षा जास्त दाणे आणले म्हणून तिने आपल्या नवऱ्यालाच जाब विचारला. म्हणजे दाणे वेचणाऱ्या बाईला विचार असतो, हे या परिसराने आठशे वर्षांपूर्वी मान्य केले होते. पुढे जातिव्यवस्थेने शरणांची पूजा सुरू ठेवली आणि त्यांचा विचार गुंडाळून ठेवला.

गिरण्यांनी सोलापूरला बहुजातीय, बहुभाषिक कामगारांचे शहर बनवले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून कानडी बोलणारे आले, दुष्काळाने उठवलेला खेड्यातला शेतमजूर आला. गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात डांबलेल्या लोकांची सेटलमेंट इथे होती. बुधवार पेठेत थोरला राजवाडा आणि आजचे मिलिंदनगर ही आपल्या समाजाची मोठी वस्ती. ४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह याच शहरात सुरू झाले. ज्यांच्या घरी मागून आणलेल्या तुकड्यावर रात्र निघत होती, त्यांच्या मुलांना कोणापुढे हात न पसरता जेवता आणि शिकता येईल अशी ती सोय होती. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूर नगरपालिकेने बाबासाहेबांना मानपत्र दिले. गावकुसाबाहेरच्या माणसाने शहरात ताठ मानेने वावरायचे, हा धडा या शहराला असा मिळत गेला.

परंतु गिरणी म्हणजे मुक्ती असे समजण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि तोंडाचा विटाळ स्पृश्य कामगाराला चालत नसे. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. जिथे यंत्राच्या धाग्यालाही विटाळ होत होता, तिथे त्याच समाजातल्या बाईच्या हातची भाकरी दुपारच्या सुट्टीत कोण घेणार? म्हणून आमच्या बाईचा धंदा वस्तीपासून सुरू झाला. तिचे पहिले गिऱ्हाईक तिच्याच वस्तीतले होते.

याचा लेखी पुरावा एका बाईनेच ठेवला आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे, 'जिणं आमुचं'च्या लेखिका. त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी थोडी द्राक्षे विकण्यापासून सुरुवात केली, मग भाजी, मग किराणा. गिऱ्हाईक बहुतेक वस्तीतलेच. दुकानात बसल्या बसल्या माल बांधायला आणलेली रद्दीची वर्तमानपत्रे त्या वाचत आणि तिथेच घरच्यांच्या नकळत लिहीत. आपल्या साहित्यातले एक अव्वल आत्मकथन विद्यापीठात लिहिले गेले नाही, ते वाण्याच्या गल्ल्यामागे लिहिले गेले. धंद्याने त्या बाईला चार पैसे दिले आणि बसायला स्वतःची जागा दिली. बाईला बसायला स्वतःची जागा मिळाली की ती विचार करते. म्हणूनच व्यवस्था तिला रस्त्यावरही बसू देत नाही.

सोलापूरच्या भाकरीमागचे श्रमही नीट समजून घेतले पाहिजेत, कारण 'बायका काय, भाकऱ्या तर थापतात' असे म्हणणारे आपल्यातही कमी नाहीत. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. आधणाचे पाणी घालून ते तळहाताने रगडून मळावे लागते, नाही तर भाकरी कडेने फाटते. ती परातीत एकसारखी थापायची, उचलून तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, फुगवायची. कडक भाकरी याहून अवघड. ती पापडासारखी पातळ थापायची आणि मंद आचेवर ओलावा पूर्ण निघेपर्यंत शेकायची. ओल राहिली की बुरशी, आच वाढली की कोळसा. नीट जमली तर ती कित्येक दिवस टिकते. दुष्काळी मुलखात, लांबच्या प्रवासात, कामाच्या ठिकाणी पोट भरण्यासाठी निघालेली ही युक्ती आहे. शेंगाचटणीही तशीच. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ उखळात कुटत राहायचे, दाण्यातले तेल सुटेपर्यंत. पावसाने दगा दिला, भाजी मिळाली नाही, तरी भाकरी-चटणीवर माणूस दिवस काढतो. हे सारे ज्ञान आहे. मनगटे दुखवून, धुराने डोळे लाल करून मिळवलेले ज्ञान आहे. त्याला पदवी नाही, एवढेच.

गिरण्या बंद पडत गेल्या. जुनी गिरणी साठच्या दशकात गेली, लक्ष्मी आणि विष्णू गिरण्या नव्वदच्या दशकात. पुरुषाचा पगार बंद झाला तरी घरातली चूल बंद ठेवता येत नाही. तेव्हा सोलापूरच्या हजारो बाया विड्या वळायला बसल्या, यंत्रमागावर गेल्या, धुणीभांडी करू लागल्या, आणि काहींनी घरातली चूलच धंद्याला लावली. मुंबईत गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, त्यांना बँकेची दारे उघडून दिली आणि त्यांचे काम जगापुढे आले. सोलापूरच्या रस्त्यावरच्या भाकरीवालीला, त्यातही दलित भाकरीवालीला, असा लेखाजोखा मिळाला नाही.

आता काळ पालटला आहे असे सांगितले जाते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि केंद्राच्या त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात ज्वारी-बाजरीला 'श्रीअन्न' असे नाव मिळाले. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, सोलापुरी चादरीलाही तो आहे. आनंदाची गोष्ट आहे. पण कालपर्यंत जी गरिबांची, अडाण्यांची भाकरी म्हणून हिणवली जात होती ती आज वातानुकूलित हॉटेलात चांदीच्या रंगाच्या ताटात मिरवते, तेव्हा नफा कोणाच्या गल्ल्यात पडतो? धान्याला मान मिळाला. ते धान्य शिजवणाऱ्या हाताला कोणता निर्देशांक मिळाला? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची दखल घेतली. ज्यांचे अन्न कोणत्याही पाककृतीच्या पुस्तकात नव्हते त्यांचे अन्न प्रथमच ताठ मानेने छापले गेले. सोलापूरच्या रस्त्यावरच्या बायांबद्दल असे काम अजून व्हायचे आहे.

आणि विटाळ संपला म्हणणाऱ्यांनी गेल्या काही वर्षांची वर्तमानपत्रे चाळावीत. सप्टेंबर २०१७ मध्ये पुण्यात हवामान खात्यातील एका उच्चपदस्थ बाईंनी, स्वयंपाकाला येणाऱ्या बाईने जात लपवून आपले सोवळे मोडले, अशी चक्क पोलिसांत तक्रार दिली. ती स्वयंपाकीण मराठा समाजाची होती. मराठा बाईच्या हाताने सोवळे मोडते तर आमच्या बाईची काय कथा? टीका झाल्यावर तक्रार मागे घेतली गेली, पण मनातले सोवळे मागे घेतले गेले काय? डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात सुखीढांगच्या शाळेत दलित भोजनमातेच्या हातचे जेवायला सवर्ण मुलांनी नकार दिला. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांनी आपली नावे लिहून लावावीत असा फतवा निघाला. २२ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि कोणते अन्न विकता ते लिहा, पण नाव लिहिण्याची सक्ती नको असे म्हटले. या तिन्ही घटनांत मुद्दा एकच आहे. अन्न चांगले की वाईट हे विचारायचे नाही, ते कोणाच्या हातचे हे विचारायचे. नाव विचारणे म्हणजे जात विचारणे, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

संविधानाने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिले आहे. कलम १५ने दुकाने आणि उपाहारगृहे सर्वांना खुली केली, कलम १७ने अस्पृश्यता नष्ट केली, कलम १९ने कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिले. म्हणजे भाकरी विकत घेण्याचा हक्क आणि भाकरी विकण्याचा हक्क, दोन्ही बाबासाहेबांच्या संविधानात आहेत. याच पायावर २०१४चा पथविक्रेता कायदा उभा आहे. या कायद्यानुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावी लागते. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात, त्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व द्यावे लागते. सर्वेक्षण झाल्याशिवाय आणि प्रमाणपत्र दिल्याशिवाय कोणालाही उठवता येत नाही. पण ज्या बाईला हा कायदाच ठाऊक नाही तिला अतिक्रमणाची गाडी दिसली की ती तवा उचलून पळते. जिच्या बाजूने कायदा आहे तीच गुन्हेगारासारखी पळते, ही आपल्या संघटनांसाठी विचार करण्याची गोष्ट आहे.

म्हणून चळवळीतल्या शिकल्या-सवरलेल्या वर्गाला आम्हाला काही रोखठोक सांगायचे आहे. १४ एप्रिलची, ६ डिसेंबरची, धम्मपरिषदेची जेवणे ठरवताना मोठ्या केटरर्सना फोन जातो. आपल्याच वस्तीतल्या दहा बाया मिळून ते काम करू शकतात, हे कोणाला सुचत नाही. सूटबूट घातलेल्या मुलाला आपली आई चौकात भाकऱ्या विकत होती हे सांगायला लाज वाटते. लाज कसली? तिने मागितले नाही. तिने विकले. बाबासाहेबांनी शिळे तुकडे मागू नका म्हणून सांगितले, ते तिने शब्दशः पाळले. तिच्या भाकरीच्या पैशावर फी भरली गेली, पुस्तके आली, आणि मग सूटबूट आला.

करण्यासारखे बरेच आहे आणि ते अवघड नाही. प्रत्येक वस्तीतल्या महिला मंडळाने रस्त्यावर अन्न विकणाऱ्या आपल्या बायांची यादी करावी. सर्वेक्षणात त्यांचे नाव लागले आहे काय, प्रमाणपत्र मिळाले आहे काय, हे पाहावे. पथविक्रेता समितीच्या निवडणुकीत आपल्या बाया उभ्या कराव्यात. २०२० साली सुरू झालेल्या स्वनिधी योजनेचे कर्ज मिळवण्यासाठी शिकलेल्या पोरांनी त्यांचे अर्ज भरून द्यावेत. समाजातल्या वकिलांनी अतिक्रमणाच्या नोटिसा फुकट वाचून सांगाव्यात. आणि विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी संशोधनासाठी दूरचे विषय शोधण्याआधी आपल्या आजीजवळ बसावे. तिने काय विकले, कुठे बसली, कोणी घेतले, कोणी नाकारले, कोणी हटकले, नाव बदलून सांगावे लागले काय, हे लिहून काढावे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहून चळवळीतल्या स्त्रिया उजेडात आणल्या, तेव्हा त्याही घरोघर जाऊन म्हाताऱ्या बायांशी बोलल्या होत्या. त्या पिढीचे जे राहून गेले ते आता राहू देऊ नका. ज्या हातांनी वतनाची टोपली खाली ठेवली आणि धंद्याची टोपली उचलली ते हात फार दिवस आपल्यात राहणार नाहीत.

मागितलेल्या भाकरीचा इतिहास आपल्याला व्यवस्थेने दिला. विकलेल्या भाकरीचा इतिहास आपल्या आयांनी स्वतः घडवला. तो लिहून ठेवणे आणि आज रस्त्यावर बसलेल्या बाईची जागा तिच्या हक्काची करणे, ही दोन्ही कामे आपलीच आहेत. ती दुसरा कोणी करणार नाही.

जय भीम!